बाजेच्या पायांखालची पावडर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. खरं तर सुषमाला — माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला — सांगायला हवं होतं, आणि सांगते आहे तुम्हाला. बघा, सुरुवातच पळपुटेपणाची.

आधी माझं काम सांगते, ते सोपं आहे. जन्माच्या आगेमागे बाळाच्या अंगात कीटकनाशक गेलं तर त्याच्या मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आमच्या भागात चालू आहे. त्यासाठी मी घरोघर फिरते. बाळंतपणानंतर फॉर्म भरायचा, बाळाच्या लंगोटात कापूस ठेवून लघवीचा नमुना घ्यायचा, मग पोर दोन वर्षांचं होईपर्यंत ठोकळे आणि चित्रांचं पुस्तक घेऊन तपासणीला जायचं. आंधळगावपासून करडीपर्यंत मला 'फवारणीवाली ताई' म्हणतात. मी काही फवारत नाही, पण नाव पडलं ते पडलं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे — बाळ झोपतं त्या खोलीत कीटकनाशक वापरलं का? बाया लगेच नाही म्हणतात. फवारणी शेतात, धानाच्या बांधीत होते, घरात कोण करतं? म्हणून आम्हाला शिकवलंय, तिथं थांबायचं नाही, बाजेखाली वाकून बघायचं. कारण आमच्याकडे बाळंतीण घरी आली की लेकराला लाल मुंग्या चावू नयेत म्हणून बाजेच्या चारही पायांभोवती धानाच्या कोठीत घालायची पांढरी पावडर टाकतात. मी ती झाडायला लावायची, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगायची, वर दहा मिनिटं भाषण द्यायची. भाषण मला छान जमतं.

सुषमाला आई नाही, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण करडीलाच झालं, म्हणजे तिच्या सासरी, माझ्या माहेरी. लेकीला, चिऊला घेऊन ती दवाखान्यातून आली त्याच संध्याकाळी भिंतीतून मुंग्यांची रांग निघाली. आई ओरडली, "अवं, पाहून काय राहिली? पावडर आन ना!" आणि मी — मी आणली. माळ्यावरचा डबा काढला, चारही पायांभोवती टाकली, बाजेखाली जरा जास्तच भुरभुरली. तेव्हा मला माझं भाषण आठवलं नाही का? आठवलं. वाटलं, आपल्या घरात काय होतंय!

तिसऱ्या दिवशी फॉर्मची वेळ आली. नातेवाइकांचा फॉर्म आपण भरायचा नाही असा नियम आहे, पण माझी कामावरची जोडीदारीण सुटीवर होती आणि मीच भरते म्हणाले. त्याच बाजेवर बसून भरला. तो प्रश्न आला तेव्हा पावडर माझ्या पायाशी होती. मी 'नाही' वर खूण केली. कापूस तर ठेवलाच नाही, 'नमुना मिळाला नाही' असं लिहून टाकलं.

का? नोकरी जाईल म्हणून? थोडं तेही. पण खरं म्हणजे लाज वाटली. माझे फॉर्म इतके नीट असतात की अभ्यासाच्या प्रमुख मॅडम नव्या मुलींना तेच दाखवतात.

चिऊ आता चार वर्षांची आहे. दोन-तीन शब्द बोलते. हाक मारली की वळते, पण उशिरा. दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत तिने जोडीदारणीने पुढे केलेले लाल ठोकळे हातातच घेतले नाहीत. मॅडमनी मला बोलावून विचारलं, घरात काही वापरलं होतं का, नीट आठव. मी म्हटलं, नाही मॅडम. पावडरीनेच असं झालं, हे मी म्हणू शकत नाही — आज कुणीच म्हणू शकत नाही. पण एक दिवस ते म्हणता यावं म्हणूनच तर हा अभ्यास आहे. आणि त्यात चिऊ कीटकनाशक न लागलेल्या मुलांमध्ये मोजली जाते.

घरी मात्र उत्तर ठरलेलं आहे. पोटुशी असताना सुषमा ग्रहणात अंगणात गेली होती, गाय सुटली म्हणून. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "मी सांगूनच राहिली होती, गिरानात बाहेर निघू नको म्हनून. ऐकलं नाही." हे ऐकत मी दोन वर्षं खाली मान घालून चहा पिते आहे. सुषमानेही ते खरं मानलंय. एकदा मला म्हणाली, "ताई, माह्या एका चुकीनं पोरीचं वाटोळं झालं जी." मी काय केलं? तिच्या पाठीवरून हात फिरवला.

यंदा ती पुन्हा पोटुशी होती आणि पुन्हा ग्रहण आलं. दार-खिडक्या लावून ती पाण्याचा घोटही न घेता खोलीत बसली, सोबतीला मी. चिऊ बाहेरून दार वाजवत होती, रडत होती. सुषमा उठली नाही. मला वाटलं, आता सांगावं — तिला दार तरी उघडता येईल. तोंड उघडलंही. आणि विचारलं, उकडतंय का गं?

मागच्या महिन्यात तिला मुलगा झाला. तो घरी यायच्या आधीच मी जाऊन बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. सुषमा बाजेवर टेकली, खाली पाहिलं.

"हे काहून जी ताई? पावडर टाका ना मागच्यासारखी. तुमीच तर टाकली होती. लेकराले मुंग्या चावतीन."

आई दारात उभी होती. चिऊ वाटीतल्या पाण्यात बोट बुडवत होती. सगळ्या एका खोलीत, आणि प्रश्न तिनेच विचारलेला — याहून सोपी वेळ मला कधी मिळणार होती?

"सरली पावडर," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि बाळाला पाजायला घेतलं.

डबा मी सकाळीच माळ्यावरून काढून माझ्या पिशवीत लपवला होता. अर्धा भरलेला आहे.