चौदा दिवसांचा डोळा

माझ्या रागाचा आमच्या घरात धाक आहे. मी शिकवते त्या शाळेतली पोरं घाबरतात ते सोडा, वलगावला माहेरी गेले की सख्खी आईसुद्धा आधी माझा चेहरा पाहते आणि मग चहा टाकते. धाकट्या बहिणीच्या मुलीचं बाराव्या दिवशी बारसं होतं, त्या दिवशी रागाला कारणही मिळालं. मुलीला मांडीवर घेतलं, पसरलेलं काजळ पुसायला गेले, तर डाव्या बुबुळात पांढरा ठिपका. दुधाचा थेंब पडावा तसा. बहिणीच्या सासरची मंडळी बाळापूरला परत निघेपर्यंत मी दम धरला आणि मग आईवर तुटून पडले.

"एवढं काजळ भरतात का? डोळा खराब केला पोरीचा!"

आई भांडी आवरत राहिली. "सवा महिना होऊ दे. मंग पाहू," एवढंच म्हणाली.

सवा महिना बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी दुसऱ्याच दिवशी तो मोडला आणि आई, बहीण आणि बाळ, तिघींना अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, जन्मतःच मोतीबिंदू असेल किंवा त्यामागे आणखी काही, गाठसुद्धा. मागचं दिसल्याशिवाय सांगता येणार नाही. ऑपरेशन लागलं तर ते पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवं, नाहीतर तो डोळा पाहायला शिकतच नाही. एवढ्या लहान बाळाची तपासणी अकोल्याला होते, उद्याच जा.

अकोल्याच्या त्या खोलीत एक मशीन होतं आणि ते चालवणाऱ्या एक बाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. आईने त्याही सकाळी काजळ घातलंच होतं. बाईंनी ओल्या कापसाने ते पुसायला घेतलं. न रागावता, पापणीच्या एकेका कडेने, दहा मिनिटं. मी मात्र शेजारी उभी राहून आईला ऐकवत होते.

"ताई, तुमचा आवाज बाळाले लागून राह्यला," बाई वर न बघता म्हणाल्या. "गप राहाल, नाईतर भायेर बसा."

मला असं सांगणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलं. मी दोन पावलं मागे सरकले.

आधी बुबुळाचे फोटो, मग बंद पापणीवर जेल लावून सोनोग्राफी. काम सोपं वाटतं, पण बाळाने मान हलवली की चित्र गेलं. नर्सने गुंडाळलेलं कापड मुलगी दर वेळी लाथा मारून सोडवायची. तीनदा झालं. बहीण रडायला लागली.

तेव्हा आई पुढे झाली. पिशवीतून जुन्या लुगड्याचं धुवट कापड काढलं, मुलीचे हात छातीशी घेतले आणि तीन वेढ्यांत तिची घट्ट मोटळी बांधली. डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. मुलगी निपचित झाली. बाई आईच्या हातांकडे बघतच राहिल्या.

"असेच ठेवा, माय. हलू नका," म्हणाल्या आणि ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणत त्यांनी पापणीवर यंत्र टेकवलं. मला वाटतं, त्या खोलीतला श्वाससुद्धा त्या दोघींच्या परवानगीने चालला होता.

चित्रं निघाल्यावर बाईंनी फॉर्म पुढे ओढला. पांढरं पहिल्यांदा कधी दिसलं? बहीण म्हणाली, बारशाला, ताईला.

"नाई," आई म्हणाली. "मले चौथ्या दिवशीच दिसलं. आंघोळ घालतानी."

मी काही बोलणार, तोच बाईंनी हात वर केला. "मशीनशिवाय, चौथ्या दिवशी? आमच्याकडे लोकं साल-साल झाल्यावर येतात, माय. मंग काजळ कशाले?"

"काजळ भरलं की बुबुळाकडे कोनी पाहत नाई. सासरचे म्हनले असते, यायच्या पोरीतच खोट हाये."

मी आयुष्यात इतकी कधी शरमले नव्हते. जिला अडाणी म्हणत आले, तिचं लक्ष माझ्या आधी तिथे गेलं होतं, आणि बारा माणसांसमोर ती एकटी ते लपवत होती.

डॉक्टर आले, चित्रं पाहिली. गाठ नव्हती. डोळ्याच्या तळापासून भिंगापर्यंत एक बारीक दोरा दिसत होता. पोटात असताना बाळाच्या डोळ्याला रक्त पोचवणारी ही नस जन्माआधी विरून जाते, क्वचित एखाद्या बाळात राहते आणि त्यामुळे भिंग पांढरं पडतं. गरोदरपणातल्या खाण्या-पिण्याचा त्याच्याशी संबंध नाही. डोळ्याच्या आतला पडदा जागेवर आहे, म्हणजे आशा आहे. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात.

आईने बाईंकडून त्या चित्राची प्रत मागून घेतली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "घरी नाई. बाळापूरले चाल."

तिथे तिने चहासुद्धा घेतला नाही. विहीणबाईंसमोर कागद ठेवला. "हे पाहा. ही नस विरायची राहून गेली. माह्या पोरीचा दोष नाई, नातीचाबी नाई. मले चौथ्या दिवसापासून मालूम होतं."

विहीणबाईंनी कागद उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "चौथ्या दिवशी काहून नाई सांगतलं? आमी काय वैरी हाओ?"

ऑपरेशनच्या दिवशी दोघी आज्या एकाच बाकावर बसल्या होत्या.

आता मुलगी दीड वर्षाची आहे. तो डोळा दुसऱ्याइतका कधीच होणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि अधू डोळ्याला कामाला लावायचं. सुरुवातीचे महिने तिने रडून घर डोक्यावर घेतलं. परवा पट्टी लावलेली असताना ती अंगणातल्या तीन-चार बायांमधून वाट काढत थेट माझ्या आईकडे चालत गेली. कोणी हाक मारली नव्हती. मी ते पाहिलं. आईला मात्र पाहता आलं नाही, तिने डोळ्यांना पदर लावला होता.