दोन वर्षं दे त्याला

अमेरिकेत माझ्याकडे राहायला आल्यापासून बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. शेजारच्या खुर्च्यांवर दोन म्हातारे असतात. दोघांनाही तेच यंत्र लावलेलं आणि दोघांनाही बेसबॉलचं वेड. परवा त्यांच्या शहराच्या संघाने एक नवा खेळाडू घेतला, सीमेजवळचे उंच झेल टिपणारा.

"पळतो छान, पण बॅट चालत नाही," एक म्हणाला. "शिवाय ह्याला खेळवायचं, तर बसवायचं कुणाला?"

"लहान आहे अजून. दोन वर्षं दे त्याला, मग बघ."

"दोन कशाला? मी तीन देतो!"

मी ऐकतच राहिले. डॉक्टरसुद्धा आमच्याशी इतक्या लांबचं बोलत नाहीत. हे दोघे मात्र एक हात नळ्यांत अडकलेला असताना दुसऱ्या हाताने वर्षं वाटत होते.

बाबांनी कित्येक महिन्यांत पुढच्या आठवड्याचंही काही ठरवलेलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "अगं, विचार ना त्यांना, सामने कधी सुरू होतात?"

मी इंग्रजीत विचारलं. "एप्रिलमध्ये," दोघेही एकदम म्हणाले.

बाबांनी बोटांवर महिने मोजले. "आपलीही तिकिटं काढ," ते म्हणाले. "आणि तो नवा गडी उभा राहतो ना, त्या बाजूची काढ."