घरात कोणाला इसब? नाही!

दवाखान्यातले किस्से साठवायचे नाहीत म्हटलं तरी साठतात. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! नव्वदच्या दशकापासून पुढे बारा वर्षं मी नाशिकला इंदिरानगरात मुलांच्या डॉक्टरबाईंकडे केसपेपर लिहायला होते. नाव, वय, वजन, आणि शेवटी एक रकाना: घरात कोणाला दमा, शिंका, इसब? त्या रकान्यात मी जितक्या वेळा ‘नाही’ लिहिलं, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नसेल.

* * *

सायखेड्याची संगीता पहिल्यांदा आली तेव्हा तिचा मुलगा पाच महिन्यांचा होता. गाल लालभडक, कोपराच्या खोबणीतून पाणी झिरपतंय, पोर सारखं डोकं घासतंय. संगीता स्वतः वाळून काडी झालेली. सोबत सासू.

मी रकान्यापाशी आले आणि विचारलं.

“आमच्या घराण्यात असलं काय नाय,” सासू म्हणाली. “हिनं पोटुशी असताना वांगी खाल्ली. वावरात वांगीच हायेत, मग काय, रोज भरीत!”

म्हणून आता संगीताची वांगी बंद. वांग्यापाठोपाठ शेंगदाणे, दूध, तिखट, आंबट, सगळंच बंद. भात आणि मुगाचं वरण, एवढ्यावर बाई जगत होती आणि बाळाला पाजत होती.

मॅडम म्हणाल्या, “वांग्याने इसब होत नाही, आजी. हिला पोटभर जेवू द्या.” बाळाला मलम आणि व्हिटॅमिन डीचे थेंब लिहून दिले. सासूने मान हलवली. असली मान मी पुष्कळ पाहिलीय. ती दवाखान्याच्या पायरीपर्यंतच टिकते. मला त्या पोरीची काळजी लागून राहिली, खरं सांगते.

* * *

त्या थेंबांचंही एक रामायणच आहे. मॅडम प्रत्येकाला सांगायच्या, “हे हाडांसाठी. याने इसब जाईलच असं मी म्हणत नाही.” लोक “हो हो” म्हणायचे आणि मनाला येईल ते करायचे.

एक आजीबाई महिन्याभराने रिकामी बाटली घेऊन आल्या. नातवाचं डोकं आरशासारखं चमकत होतं.

“थेंब रोज देता ना?” मॅडमनी विचारलं.

“रोज! एका दिवसाचा खाडा नाही. सकाळी टाळू भरतानाच घालते.”

“टाळूवर?”

“मग? खोबरेल उतरतं टाळूतून, तर हे एवढं महागाचं उतरणार नाही होय?”

मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक चिठ्ठीवर लाल पेनाने लिहायला लागले: ‘तोंडातून’.

दुसऱ्याच दिवशी एका बापाने वाचून विचारलं, “कोणाच्या?”

* * *

अंबडच्या कारखान्यातले एक सुपरवायझर होते. बाळाला सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ दाखवा, एवढंच मॅडम म्हणाल्या होत्या. हे गृहस्थ पंधरा दिवसांनी ग्राफपेपर घेऊन हजर!

“चार मिनिटं छाती, चार मिनिटं पाठ. जॉब दोन्ही बाजूंनी सारखा व्हायला पाहिजे ना मॅडम!”

मॅडमनी ग्राफ मनापासून पाहिला. “छान. धरता कुठे याला?”

“हॉलच्या खिडकीत. काच घट्ट लावून. वारं लागायला नको.”

“अहो, काचेतून आलेल्या उन्हातून व्हिटॅमिन डी मिळत नाही.”

त्यांचा चेहरा पार उतरला. “म्हणजे अख्खी बॅच रिजेक्ट?”

* * *

आणि खुद्द मॅडमचं घर! त्यांच्या धाकटीलाही इसबाचा त्रास होता. मॅडम दिवसभर दुसऱ्यांना सांगणार, “साबण कमी, घासू नका,” आणि घरी त्यांच्या सासूबाई नातीला डाळीच्या पिठाने घासून काढणार. एकदा सासूबाईंचा दवाखान्यात फोन आला.

मी म्हटलं, “मॅडम पेशंट बघतायत.”

“बघू दे. तुझ्याकडेच काम होतं. पोरीला काही उतार नाही गं. तुझ्या माहितीत कोणी चांगला डॉक्टर आहे का?”

* * *

संगीता पुन्हा आली ती महिन्याने, मे महिन्याच्या उन्हात. बाळाचे गाल जरा निवळले होते. संगीता मात्र आणखी खंगली होती. या वेळी नवराही आला होता, भाऊसाहेब. फुल बाह्यांचा शर्ट घालून दाराशी उभा होता.

सासूने बसायच्या आधीच निकाल सांगितला. “आता अंगावरचं तोडणार. हिच्या दुधातच दोष हाय. पोराला आम्ही सांभाळू, हिला धाडतो माहेरी.”

संगीता बाळाला घट्ट धरून खाली बघत राहिली.

मॅडमनी केसपेपर माझ्याकडे सरकवला. “तो रकाना परत विचार.”

मी विचारलं, “घरात कोणाला दमा, शिंका, इसब?”

“मागं सांगितलं ना, नाय म्हणून! आमच्यात समद्यांची कातडी लोण्यावानी.”

मी ‘नाही’ लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात दाराकडून कराकरा आवाज आला. भाऊसाहेबाने डावी बाही वर सारली होती आणि मोटारसायकलच्या चावीने तो कोपराची खोबण खाजवत होता. अगदी डोळे मिटून!

मॅडमनी विचारलं, “भाऊसाहेब, हे कधीपासून?”

“हे व्हय? हे लहानपणापासूनच हाय. उन्हाळ्यात लय होतं. आईच तर कडुलिंबाचा पाला वाटून लावायची. नाय का गं आई?”

आई भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागली. तिला वाचता येत नव्हतं.

संगीता उठली. बाळाला खांद्यावर घेतलं, पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मला नीट ऐकू आला.

“अहो, जाताना वावराकडनं गाडी घ्या. वांगी तोडायचीत. दोन नाय, चांगली धा!”