लाल दोऱ्याची गाठ

आमच्या शेजारच्या काकांनी मागावर बसणं सोडलं होतं, पण खिशात सुताचे दोरे असायचेच. सोयरीक ठरवायची झाली की अख्खा मोहल्ला त्यांच्याकडे जाई. पुरुषांसाठी पांढरा दोरा, बायांसाठी लाल, अशी दोन्ही घरं ते खाटेवर मांडायचे. मामाची पोरगी चालते, मावशीची मात्र बहीण लागते, म्हणून दोन लाल दोरे बहिणींचे निघाले, की ते गाठ मारून म्हणत, "नाही जमत गा."

माझ्यासाठी कुही गावची मुलगी पाहिली अन् मला ती आवडली, तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, तुमची माय पोरीच्या मायच्या मायले काय म्हने?"

"ताई म्हने. सख्खी का मानलेली, मले काय माहीत!"

सांगायला दोघी म्हाताऱ्यांपैकी कोणीच उरली नव्हती.

काकांनी गाठ मारली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग नखानं ती हळूच सोडवली.

"मानलेलीच असन गा. कर लगन."

केलं. त्यानंतर काका आमच्या दारावरून मान खाली घालून जायचे. अन् अजूनही पोराला साधा ताप आला, तरी मला ती सुटलेली गाठ दिसते.