माधवच्या कण्याची तपासणी

माधव गेल्याचं गेटवरच्या वॉचमनने सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "तुला कुणी सांगितलं?" उभा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेला, समोरच्याचं आधी खोटं धरायचं, मग मोजायचं. माधव चिडवायचा, "राव, तुम्ही देव्हाऱ्यातल्या देवालाही व्हर्नियर लावाल."

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात तो टूलरूमला होता. कणा लहानपणापासूनच वाकडा, एक खांदा वर. पस्तिशीनंतर बाक वाढू लागला, जिना चढताना धाप लागायची. पुण्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं... कण्याला पोलादी सळी बसवायची, मग कित्येक महिने प्लॅस्टर. माधवने मला सोबत नेलं, तिथेच चुकला बिचारा. मी सळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हमी काय?"

"सळीची देतो," डॉक्टर म्हणाले. "पाय शाबूत राहतीलच, याची शंभर टक्के नाही देता येत. पण थांबलात तर बाक वाढत जाईल."

झालं! आपल्या मालातली खोट आपणहून सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता, आणि मी नेमकं त्यालाच लबाड ठरवलं. साहेबाने रजा चटकन मंजूर केली, तर तिथेही मला पाणी मुरताना दिसलं. याला अनफिट ठरवून घरी बसवायचा डाव असणार! माधवला म्हटलं, "होल्डवर ठेव." आमच्याकडे शंका आलेल्या जॉबला, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या भागाला, लेबल लावून बाजूला ठेवतात. वर्षाने पाहा, असतो तसाच असतो. माणसाची पाठ तशी राहत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

चार वर्षांनी, माझं न ऐकता, त्याने ऑपरेशन करून घेतलं. स्वतःच्या पायांनी चालत कामावर आला, ताठ, हसत. पण तोवर फुप्फुसं दबून गेली होती. शेवटी श्वासानेच दगा दिला. "लवकर आला असतात तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले. या खेपेला मला शंका आली नाही.

महिन्याभराने संत तुकाराम नगरला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी आतल्या खोलीच्या दाराची चौकट दाखवली. कारखान्यातली दसऱ्याची पूजा आटोपून आला, की माधव तिला पाठ टेकून उभा राहायचा आणि डोक्याशी त्यांच्याकडून रेघ मारून घ्यायचा. थांबलेल्या चार वर्षांच्या चार रेघा, दरवर्षी आधीच्या खाली. आणि ऑपरेशननंतरची एक, सगळ्यांच्या वर.

"भाऊजी, घराला रंग काढायचाय. ह्या ठेवू का?"

"ठेवा," मी म्हटलं. "वरची त्याची आहे. खालच्या चार माझ्या."