कुलपातले वायफाय

जुन्या जालन्यातील माझ्या घरी वायफाय दुरुस्त करायला आलेल्या त्या माणसाचे नाव मी विचारले नाही. नवा राउटर बसवूनही परदेशातील माझी मुलगी जुन्या लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये चार दिवस दिसली नव्हती. त्याने लॅपटॉपकडे पाहिलेही नाही. वायरीवरून बोट फिरवत तो माझ्या लोखंडी कपाटापाशी पोहोचला.

“बाबा, राउटर आत कोंडला?”

“चोरीच्या भयाने. कुलूप भक्कम आहे.”

“बराबर हाये. चोर आत जात न्हाई अन् वायफाय भाईर येत न्हाई.”

मी किल्ली दिली. त्याने राउटर बाहेर काढून कपाटावर ठेवला. पडद्यावर मुलगी दिसताच तो मी न सांगताच बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. एवढी अदब माझ्या सोयऱ्यांना नाही.

“काय बिघडलं होतं, बाबा?” मुलीने विचारले.

“लॅपटॉप जुना झाला आहे.”

बाहेर तो मुद्दाम खोकला.