विरुद्ध बाजूचे सर

चौसाळ्याच्या आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांच्यासमोर कुणी काही ठामपणे बोललं, की ते उजव्या हाताचं बोट वर करायचे, मान किंचित तिरकी करायचे आणि एवढंच म्हणायचे, "पण?" पुढचं वाक्य बोलणाऱ्यानंच पूर्ण करायचं. चांगले चांगले गडबडायचे. वर्षभरात त्यांचं खरं नाव फक्त वेळापत्रकावर उरलं. सगळ्या चौसाळ्यात ते 'पण सर' झाले. वर्गात शिरताना मागून कुणी कुजबुजलं, तर म्हणायचे, "मोठ्यानं म्हणा की. नाव वाईट न्हाई."

मूळचे ते कडा गावचे. बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर एकटेच राहायचे. वर्गात पुस्तकी बोलायचे, पण तास संपून गप्पा सुरू झाल्या की गावाकडची बोली परत यायची. भांडणात पडायची त्यांना खोड होती. एकदा बसमध्ये कंडक्टरनं एका म्हाताऱ्याला तिकिटावरून झापलं. सर म्हाताऱ्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांच्या बोलण्यानं सगळी बस कंडक्टरवर तुटून पडली, तेव्हा सर गर्रकन वळले आणि कंडक्टरची बाजू मांडायला लागले. दोघंही त्यांच्यावर चिडले. "त्याच्याकडून बोलायला कुणीच न्हवतं," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

वादविवाद स्पर्धेची तयारी तेच करून घ्यायचे. ज्याला जे पटतं, त्याला नेमकी त्याच्या विरुद्ध बाजू द्यायचे. "जे पटतं ते बोलायला शिकायचं कावून? ते तर भांडणातबी येतंय." आणि त्यांचा एक नियम होता: ज्याच्या विरोधात बोलायचं, त्याच्याकडचा चहा आधी पिऊन यायचा.

मी बारावीत होते, त्या वर्षीची गोष्ट. अमेरिकेचा एक सैनिक आपली चौकी सोडून निघून गेला होता आणि शत्रूच्या हाती सापडला होता. त्याच्या सुटकेसाठी त्यांच्या सरकारनं शत्रूचे पाच कैदी सोडले. बातमी सातासमुद्रापलीकडची, पण आमच्याकडं हॉटेलात, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर तीच चर्चा. पळपुट्यासाठी पाच वाघ पिंजऱ्यातून सोडले, असं एक जण म्हणायचा. कसाही असला तरी आपला माणूस आहे, असं दुसरा. हॉटेलात तर दोन सख्ख्या साडूंनी यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं. बीडच्या स्पर्धेला विषयही हाच आला. सरांनी मला आणि वर्गातल्या विलासला निवडलं. सैनिकाला सोडवून आणलं ते बरोबर, असं विलासनं बोलायचं; चूक केली, असं मी.

सरांना माहीत नव्हतं, पण मला माझी खरी बाजू कुठली हेच कळत नव्हतं. माझे वडील, अण्णा, फौजेत होते. आजीला लकवा झाला म्हणून ते सुट्टीवर आले. सुट्टी संपली, वाढवून मिळाली नाही, तरी आजी जाईपर्यंत ते चार महिने घरीच राहिले. दारात पोलीस आले होते. आजीचं तेरावं झालं तसे अण्णा आपण होऊन पलटणीत हजर झाले. कोर्ट मार्शल झालं, कोठडी झाली, नोकरी गेली. तेव्हापासून हायवेला, चौसाळ्यापासून चार-पाच किलोमीटरवर ते पंक्चरचं दुकान चालवत होते. आमच्या वाडीतले लोक त्यांना माघारी 'भगोडा' म्हणायचे. म्हणून कॉलेजात मी कुणाला सांगताना वडील शेती करतात असं सांगायचे.

भाषण मी जोरात पाठ केलं. 'ज्यानं आपली जागा सोडली, त्याच्यासाठी देशानं काहीही सोडू नये,' या वाक्यावर माझा आवाज चढायचा. सरांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "घासूनपुसून लख्ख केलंय. पण त्याच्यात माणूस दिसत न्हाई कुठं. चला, एखाद्या फौजीला भेटू. हायवेला एक पंक्चरवाला हाय म्हणं, फौजेतला."

नाही म्हणायला कारण सुचेना. आम्ही तिघं काळीपिवळी जीपमध्ये बसलो आणि दुकानासमोर उतरलो. अण्णा टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. माझ्या तोंडावर त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, पण ते हात पुसत उठले आणि म्हणाले, "या मास्तर, बसा. ही लेकरं कोणाची?"

मला त्यांनी ओळख दिली नाही. शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. माझ्या हातात कप देताना म्हणाले, "घ्या, ताई."

सरांनी बातमी सांगून विचारलं, "असा फौजी सोडवून आणावा का न्हाई?"

"आणावा."

"कावून?"

"चुकला आसंल तर शिक्षा घरच्यानं द्यावी. दुश्मनाकडं ठिवून द्यायची, ही काय शिक्षा झाली?" अण्णा थोडं थांबले. "आन मास्तर, तुमी चुकीच्या मानसाकडं आलात. मी सोताच पळून आलतो. माय हातरुणाला होती. तिला सोडून जायला जीव झाला न्हाई. पर माझ्या जागंवर चार महिने दुसऱ्या कुणीतरी पहारा दिला आसंल ना? त्याच्याबी घरी माय आसंल. त्याचं उत्तर मला आजून सापडलं न्हाई."

विलासची लिहिणारी पेन्सिल थांबली. सरांचं बोट वर आलं नाही. त्यांनी नुसते हात जोडले.

परतीच्या जीपसाठी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. तिथून दुकान दिसत होतं. अण्णा पुन्हा टबाशी बसले होते, आमच्याकडं पाठ करून. मला ते बघवेना. मी म्हणाले, "सर, ते माझे वडील आहेत."

जीप येऊन थांबली, तेव्हा सरांनी विलासला तिच्यात बसवून दिलं आणि मला घेऊन परत दुकानाकडं चालायला लागले.

"चूक झाली माझी," ते अण्णांना म्हणाले. "मला ठाऊक न्हवतं. पोरीनं आत्ता सांगितलं."

अण्णा उभे राहिले. "तिनं सांगितलं? सोताहून?"

"हो."

अण्णांनी तोंड फिरवलं आणि पान्हे, कातऱ्या उगीच इकडच्या तिकडं केल्या. सर म्हणाले, "मी हिची बाजू बदलून देतो. विलास बोलंल विरोधात."

"बदलू नका," अण्णा पाठमोरेच म्हणाले. "घरात ही जे बोलत न्हाई, ते मी रोज ऐकतोय मास्तर. एकदा मोठ्यानं बोलू द्या तिला."

स्पर्धेला अण्णा बीडला आले. इस्त्रीचा शर्ट घालून सरांशेजारी बसले. मी मला दिलेलीच बाजू मांडली. चढ्या आवाजातलं ते वाक्य गाळलं होतं. त्याऐवजी दुसऱ्याच्या जागेवर पहारा देणाऱ्या माणसाबद्दल आणि त्याच्या आईबद्दल बोलले. माझा नंबर आला नाही, विलासचा आला. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "बरूबर बोललीस." मी रडायला लागले. सर घाईघाईनं म्हणाले, "भूक लागली लई," आणि आम्हाला भजी खायला घेऊन गेले.

त्यानंतर सर महिन्यातून एक-दोनदा अण्णांच्या दुकानावर जाऊ लागले. त्यांच्याकडं सायकलसुद्धा नव्हती, पंक्चर कशाचं काढणार? नुसतेच बसायचे. राजकारण, फौज, नारायणगडची यात्रा, कशावरही वाद घालायचे. "तुझ्या मास्तरला हरवायचं म्हंजे अवघड हाय," अण्णा घरी येऊन सांगायचे. घरात अण्णांचा आवाज परत ऐकू यायला लागला, तो त्या वर्षापासून. मीही वडील काय करतात हे विचारणाऱ्याला सरळ सांगायला लागले.

निवृत्त झाल्यावर सर कड्याला गेले. मी वकिली शिकून बीडच्या कोर्टात उभी राहिले, तेव्हा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "आरोपीकडचा चहा पीत जा." गेल्या वर्षी झोपेतच ते गेले.

कॉलेजनं शोकसभा ठेवली. आजी-माजी विद्यार्थी, गावातले पुढारी, वाडीतलीही माणसं आली होती. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. मी कागद सारखा करत होते, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून अण्णा उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सावकाश चालत ते माईकपाशी गेले. माईक कसा धरावा हे त्यांना कळेना. एका पोरानं तो त्यांच्या तोंडासमोर वळवून दिला.

"राम राम," ते म्हणाले. "मी फौजेत होतो. तिथनं पळून आलतो. हे तुमाला समद्यांना ठाव हाय, पर माझ्या तोंडावर कुणी कधी इचारलं न्हाई. ह्या मास्तरनी इचारलं. आन इचारून झाल्यावर परत परत माझ्याकडं आले."

एवढं बोलून ते माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसले. मग माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले, माईकपाशी गेले, आणि हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सांगण्यासारखं होतं ते सांगून झालं होतं.